सपाट कागद आणि गोल घुमट



डिचोली तालुक्यातील नार्वे गावी श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार करविला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊकच आहे; अलीकडे त्याची पुन्हा डागडुजी होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते नव्याने खुले झाले. इतिहास हा माझा आजचा विषय नव्हे. त्या देवळाच्या बांधणीतील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष वेधावयाचे आहे. उतरत्या कौलारू छपरांच्या वर तेथे एक अष्टकोनी बांधकाम उभे आहे आणि त्या अष्टकोनावर बेताच्या उंचीचा घुमट बसविलेला आहे. आता अशी कल्पना करा की, हा सारा भाग नक्षीच्या कागदाने बाहेरून मढवावयाचा आहे. अष्टकोनाच्या बाबतीत काम सोपे आहे. कागदाची लांब पट्टी घ्यावी, आठ ठिकाणी दुमडावी आणि गुंडाळून टाकावी. एकही सुरकुती पडणार नाही, एकही फूल वाकडे होणार नाही. परंतु तोच कागद घुमटावर पसरावयास गेलो की, कडेला चुण्या पडू लागतात. चुण्या मोडाव्यात तर कागद फाटतो. फाटू द्यावयाचा नाही म्हटले तर तो रबराचा हवा, आणि रबर ताणले की त्यावरील फुले फुगतात. या तिघांपैकी एक गोष्ट पत्करल्यावाचून सुटका नाही.

संगणकाच्या पडद्यावर डोंगर, घरे, माणसे यांची त्रिमित चित्रे काढण्याचे जे शास्त्र आहे, त्यातील एका मोठ्या प्रकरणाचे मूळ या कागदाच्या भांडणात आहे. इंग्रजीत त्या प्रकरणास 'टेक्श्चर मॅपिंग' म्हणतात. आपल्या भाषेत कापडाच्या विणीला 'पोत' हा जुना शब्द आहे, तोच येथे योजून या क्रियेला 'पोत चढविणे' म्हणू. विषय तांत्रिक वाटला तरी तो आपल्या दाराशी आला आहे. खाणींनी पोखरलेले डिचोलीचे डोंगर आणि विमानतळ झालेले पेडण्यातील मोप्याचे पठार आज कोणीही घरबसल्या पडद्यावर फिरवून पाहू शकतो, आणि पाहिलेल्या चित्रावरून मतही बनवितो. ते चित्र कसे तयार झाले हे ठाऊक नसेल, तर आपण पाहतो ते कोठवर खरे मानावे हे कळावयास मार्ग नाही.

संगणकाला वस्तू ठाऊक असते ती सांगाड्याच्या रूपाने. नाताळात आमच्या ख्रिस्ती घरांवर जे नक्षत्र टांगतात, किंवा शेजारच्या हिंदू घरी दिवाळीत जो आकाशकंदील लावतात, तो तयार होताना ज्याने पाहिला असेल त्यास हे चटकन उमजेल. प्रथम बांबूच्या कांबट्या बांधून सांगाडा करावयाचा. त्यात ठिकठिकाणी त्रिकोण, चौकोन तयार होतात. मग त्या प्रत्येक खिडकीवर रंगीत कागद चिकटवावयाचा. संगणकही याच वाटेने जातो. त्याचा सांगाडा बहुधा निव्वळ त्रिकोणांचा असतो, कारण अवकाशातील कोणतेही तीन बिंदू घेतले तरी त्यांच्यामधला त्रिकोण सपाटच असतो. चौकोनाविषयी ही खात्री देता येत नाही, तो खाटेसारखा एका पायावर लंगडू शकतो. सांगाडा झाला की त्यावर चित्र चिकटवावयाचे. दिवाळीच्या आदल्या दिवसांत गावोगाव पोरे नरकासुर करतात, त्याच्या तोंडावर वर्तमानपत्राचे कागद डकवितात, तेव्हा बातमीची ओळ नाकावरून गालावर उतरताना कशी वाकडी होते, हे आपण पाहिले असेलच. आपले आजचे सगळे विवेचन त्या वाकड्या ओळीचेच आहे.

पण चित्र चिकटवावे तरी कशाला? सगळी वस्तू सांगाड्यातच का घडवू नये? आपल्याकडील चिऱ्याची भिंत घ्या. चिऱ्याला असंख्य बारीक भोके, कुठे तांबूस तर कुठे पिवळट छटा, मध्येच काळे डाग. त्यातील प्रत्येक खड्डा त्रिकोणांनी घडवावयाचा म्हटले तर एका चिऱ्यालाच लक्षावधी त्रिकोण लागतील, मग घराचे काय? याउलट भिंत सपाट आहे असे मानले तर तिला दोन त्रिकोण पुरतात, आणि चिऱ्याचे छायाचित्र त्या दोन त्रिकोणांवर चढविले की चार हातांवरून ती भिंत चिऱ्याची दिसते. एकच छायाचित्र पुनःपुन्हा मांडून लांबच लांब गडगाही उभारता येतो. मात्र डोळा मोठा चिकित्सक आहे. एका चिऱ्यावरचा विशिष्ट काळा डाग दर दोन हातांवर पुन्हा दिसू लागला की त्याला ताबडतोब संशय येतो.

ही युक्ती एडविन कॅटमल यांनी १९७४ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात प्रथम मांडली. हेच कॅटमल पुढे 'पिक्सार' या चित्रपटसंस्थेचे अध्यक्ष झाले, आणि २०१९ सालासाठीचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना पॅट हॅनरहान यांच्यासमवेत मिळाले. त्याच यूटात शिकलेले जेम्स ब्लिन व मार्टिन न्यूएल यांनी १९७६ साली ही कल्पना आणखी पुढे नेली. पुढे ब्लिन अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या प्रयोगशाळेत गेले आणि व्हॉयेजर यानांचा प्रवास दाखविणारी चलच्चित्रे त्यांनी तयार केली. तेथे गुरुग्रहाच्या गोलावर त्याच्या पट्ट्यांचे चित्र चढविलेले होते. म्हणजे या विद्येचे वय अर्धशतकाच्या किंचित वर आहे. फार जुनी नव्हे, पण ज्यांना ती 'कालची' वाटते त्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. कागद डिंकाने चिकटतो. संगणकाजवळ डिंक नाही. त्याच्याजवळ फक्त पत्ते आहेत. चित्राची रुंदी ० पासून १ पर्यंत आणि उंचीही ० पासून १ पर्यंत मोजावयाची. अवकाशातील लांबी, रुंदी व उंची यांसाठी एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे आधीच खर्ची पडली होती, म्हणून चित्रातील या दोन मापांना यू आणि व्ही ही अक्षरे दिली गेली. सांगाड्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर चिठ्ठी लावावयाची: 'माझा पत्ता चित्रात अमुक यू, अमुक व्ही.' एवढे झाले की त्रिकोणाच्या पोटातील प्रत्येक बिंदूचा पत्ता तिन्ही कोपऱ्यांच्या पत्त्यांवरून काढता येतो. जो कोपरा जवळ त्याचे वजन अधिक, जो दूर त्याचे कमी. तीन कोपऱ्यांचे पत्ते (०, ०), (१, ०) आणि (०, १) असतील, तर अगदी मध्यबिंदूचा पत्ता एक-तृतीयांश, एक-तृतीयांश असा येईल. चित्र २५६ ठिपके रुंद असले तर साधारण ८५व्या ठिपक्यापाशी जाऊन तेथील रंग उचलावयाचा आणि पडद्यावर ठेवावयाचा. काम शाळकरी त्रैराशिकाच्या पलीकडले नाही. ते किती वेळा करावयाचे एवढाच प्रश्न. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलावयाचे म्हणजे दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक वेळा हे त्रैराशिक मांडावयाचे. म्हणूनच या एका कामासाठी स्वतंत्र यंत्रे निर्माण झाली, आणि आज ती खिशातील दूरध्वनीतसुद्धा असतात.

या त्रैराशिकात एक खोच आहे, आणि ती मला स्वतःला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जुन्या घराच्या ओसरीच्या एका टोकाशी आपण उभे आहोत असे समजा. खाली लाद्या बसविल्या आहेत. आपल्यापासून २ मीटरांवर लाद्यांची पहिली ओळ सुरू होते आणि ६ मीटरांवर शेवटची संपते. पडद्यावर या दोन कडांच्या बरोबर मध्ये जो बिंदू दिसतो, तो जमिनीवर कोठे असेल? घाईने कोणीही सांगेल: ४ मीटरांवर, म्हणजे लाद्यांच्या निम्म्यावर. तसे नाही. दूरच्या लाद्या डोळ्यास आखूड दिसतात, जवळच्या लांब. येथे अंतरांची सरासरी काढावयाची नसून अंतरांच्या व्यस्तांची काढावयाची असते. एक-द्वितीयांश आणि एक-षष्ठांश यांची सरासरी एक-तृतीयांश. म्हणजे तो बिंदू ३ मीटरांवर आहे. लाद्यांचा केवळ पाव भाग तेथवर संपलेला आहे. चित्रकाराला हे डोळ्यांनी कळते. संगणकाला मात्र त्यासाठी प्रत्येक ठिपक्यापाशी एक भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे यंत्राच्या दृष्टीने महागडे काम. १९९४ साली बाजारात आलेल्या 'प्लेस्टेशन' या खेळयंत्राने हा भागाकार टाळला होता. म्हणून त्यावरील खेळांतून जमिनीच्या लाद्या चालताना लाटांसारख्या हलत असत. १९९६ सालच्या 'क्वेक' या खेळाच्या कर्त्यांनी मध्यम मार्ग काढला. दर १६ ठिपक्यांनी एकदा खरा भागाकार करावयाचा आणि मधले ठिपके अंदाजाने भरावयाचे. व्यवहारात असेच चालते. तांदूळ निवडताना आपण तरी प्रत्येक दाणा कुठे पाहतो?

जवळ आणि दूर यांची आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख करून पुढे जातो. अगदी जवळ गेले असता चित्रातील ठिपके विटांएवढे दिसू लागतात. तेव्हा शेजारच्या चार ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून काम भागवितात. फार दूर गेले असता उलटे होते. पडद्यावरील एका ठिपक्यात चित्राचे शेकडो ठिपके येऊ पाहतात, त्यातील कोणता उचलावा याचा नेम राहत नाही आणि चित्र उन्हातल्या वाळूसारखे लुकलुकते. यावर लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली तोड सुचविली. मूळ चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा उतरत्या आकाराच्या प्रती आधीच करून ठेवावयाच्या आणि अंतर पाहून योग्य ती प्रत वापरावयाची. त्यांनी तिला दिलेले 'मिप' हे नाव 'मुल्तुम इन पार्वो' या लॅटिन शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. थोडक्यात पुष्कळ, असा त्याचा अर्थ. मिस्सेत लॅटिन ऐकत वाढलेल्या आमच्या वाडवडिलांना हे नाव ऐकून कौतुक वाटले असते. नावाप्रमाणेच या प्रतींचा भारही थोडाच असतो. पाव, अधिक त्याचा पाव, अधिक त्याचा पाव, अशी बेरीज कितीही वाढविली तरी ती मूळ चित्राच्या एक-तृतीयांशापलीकडे जात नाही.

चित्र चढविले म्हणजे खड्डे पडले असे मात्र नव्हे. चिऱ्याचे छायाचित्र सपाट भिंतीवर लावले आणि पडद्यावरील सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेला, तरी भोकांतील सावली जागची हालत नाही. आणि लबाडी उघडी पडते. ब्लिन यांनी १९७८ साली याला एक डौलदार उत्तर शोधले. पृष्ठभाग सपाटच ठेवावा, पण प्रकाशाचा हिशेब करताना प्रत्येक ठिपक्यापाशी पृष्ठभागाचे तोंड किंचित निराळ्या दिशेस वळले आहे असे मानावे. सूर्य फिरला की आता सावल्याही फिरतात. तरीही भिंतीच्या कडेकडे पाहिले की ती सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते, कारण खड्डा मुळात नाहीच.

येथे मला आपल्या कावी कलेची आठवण होते. पेडणे तालुक्यातील मोरजी येथील श्रीमोरजाईच्या देवळात तिचा नमुना पाहावयास मिळतो. भिंतीवर पांढऱ्या चुन्याचा थर, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने वरचा थर खरवडून काढावयाचा, म्हणजे खालचा पांढरा रंग नक्षीच्या रूपाने वर येतो. कर्कटकाने वर्तुळे मारून केलेली फुले आणि वेलींचे पट्टे त्यात पुनःपुन्हा येतात. ही नक्षी कागदासारखी वरून डकविलेली नसते. ती भिंतीचीच झालेली असते, आणि कलत्या उन्हात तिच्या खोलीची बारीक सावलीही पडते. संगणकाच्या कारागिरांना जे हिशेबाने भासवावे लागते, ते कावीच्या कारागिरास हाताच्या एका फटक्यात मिळत होते. अर्थात त्याला वाळत्या चुन्याशी शर्यत लावावी लागे, आणि संगणकाच्या कारागिरास ती चिंता नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता घुमटाकडे वळू. कागद घुमटावर का बसत नाही, याचे पक्के उत्तर कार्ल फ्रिडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दिले. पृष्ठभागाला एक अंगभूत वक्रता असते आणि न ताणता, न फाडता कितीही दुमडले तरी ती बदलत नाही, असे त्याने सिद्ध केले. सपाट कागदाची ही वक्रता शून्य. त्याची नळी केली, कोन केला, तरी ती शून्यच राहते. म्हणून गोल खांबाला किंवा भेळीच्या पुड्याला कागद निमूटपणे लपेटतो. घुमटाची वक्रता शून्य नाही. म्हणून कोणताही कारागीर, कोणतेही यंत्र, आज वा उद्या, सपाट चित्र घुमटावर जसेच्या तसे बसवू शकणार नाही. असा निर्वाणीचा नकार गणिताखेरीज दुसरे कोणते शास्त्र क्वचितच देते.

नकाशे काढणाऱ्यांना ही व्यथा गाउसच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. मर्केटरने १५६९ साली जगाचा जो नकाशा काढला, त्यात दिशा बिनचूक राखण्यासाठी त्याने क्षेत्रफळाचा बळी दिला. त्या पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोलामोलाचे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. शाळेच्या भिंतीवर असा नकाशा वर्षानुवर्षे टांगलेला असतो आणि मुलांच्या मनात ते आकार कायमचे ठसतात. गोलावरून कागदावर येताना जे बिघडते, तेच कागदावरून गोलावर जाताना बिघडते.

नकार पचवून काम कसे करावयाचे, हे शिंप्याकडून शिकावे. माणसाचा खांदा हाही एक घुमटच, आणि कापड सपाट. शिंपी काय करतो? कापडाचे तुकडे बेततो, जेथे अंग वळते तेथे चूण घेतो, आणि शिवण अशा जागी नेतो की ती काखेत किंवा कुशीत दडावी. त्रिमित आकृती करणारे कारागीर हेच करतात. मनुष्याकृतीच्या अंगावर कोठे 'कात्री' चालवावयाची हे ते ठरवितात, मग तिची कातडी उकलून सपाट पसरवितात आणि तिच्यावर रंगकाम करतात. शिवण बहुधा मानेमागे, केसांत, तळव्यांखाली. चेहऱ्याला मात्र चित्रातील मोठा वाटा देतात, कारण पाहणाऱ्याचे डोळे तेथे जातात. पाठीला थोडक्यात भागवावे लागते. ताण तर कुठेतरी पडणारच. तो कोणाच्या अंगावर टाकावयाचा हा निर्णय माणसाचा असतो.

हा निर्णय जेव्हा डोंगरांच्या बाबतीत घेतला जातो, तेव्हा त्याकडे आपणा सर्वांचे लक्ष असावयास हवे. भूप्रदेशाचे त्रिमित चित्र करण्याची रूढ रीत अशी. प्रथम जमिनीच्या उंचीचे आकडे घेऊन त्यांची जाळी विणावयाची, हा सांगाडा. मग उपग्रहाने किंवा विमानातून घेतलेले छायाचित्र त्यावर वरून चादरीसारखे पसरावयाचे, हा पोत. पत्ता शोधणे येथे अगदी सोपे असते. अक्षांश आणि रेखांश कळले की चित्रातील जागा कळली. उंचीचा या पत्त्याशी काही संबंधच ठेवलेला नसतो.

आणि दोष नेमका तेथेच शिरतो. सरळ वरून घेतलेल्या चित्रात उभ्या कड्याची माथ्यावरची रेघ आणि पायथ्याची रेघ जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. मधला सारा कडा चित्रात नाहीच. पण सांगाड्यात तो आहे, आणि त्यावर काहीतरी चढविले पाहिजे. मग जी बारीकशी पट्टी हाती असेल ती ताणली जाते. साठ अंशांच्या उतारावर चित्राचा एक मीटर दोन मीटरांवर ओढावा लागतो. ऐंशी अंशांच्या कड्यावर तो पावणेसहा मीटरांवर जातो. पडद्यावर त्याच्या उभ्या रेघा दिसतात, कोणी ओला रंग खाली निथळू दिल्यासारख्या. डिचोलीतील लोहखनिजाच्या खाणी पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेल्या आहेत. त्या पायऱ्यांचे उभे अंग, म्हणजे जेथे माती ढासळते, जेथून पावसाचे पाणी पाझरते तो भाग, अशा चित्रात पाहिला गेलेलाच नसतो. माथ्यावर झुडूप असेल तर त्याची हिरवळ कड्यावर ओघळते आणि उघडा कडा हिरवा भासतो. कोणी खोटे बोललेले नसते. त्रैराशिक आपले काम चोख बजावते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सांगाड्याची तारीख आणि पोताची तारीख एक असेलच असे नाही. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. सुमारे ३० मीटरांच्या अंतराने घेतलेले ते आकडे पुढे सर्वांस विनामूल्य मिळू लागले, आणि आजही अनेक कामांत ते वापरले जातात. ३० मीटरांच्या जाळीत खाणीची काही मीटरांची पायरी सापडत नाही, हे एक. शिवाय गोव्यातील खाणींचा मोठा धडाका त्या वर्षानंतरचा आहे. तो २०१२ साली थांबला, पुढे पुन्हा सुरू झाला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडला. त्यानंतर लिलावाची नवी व्यवस्था आली. या अवधीत खणलेल्या खड्ड्याचे आजचे छायाचित्र २००० सालच्या उंचीवर पसरले, तर काय दिसेल? शाबूत टेकडी आणि तिच्या अंगावर रंगविलेला खड्डा. खड्ड्यात साठलेले पाणी उतारावर तिरके टांगलेले दिसेल. खोली मोजावयास गेल्यास उत्तर शून्य येईल.

मोप्याच्या पठाराचीही तीच कथा. तेथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. धावपट्टीसाठी जमीन कापून, भरून सपाट केली गेली, ती २००० नंतर कितीतरी वर्षांनी. जुन्या आकड्यांवर नवे चित्र चढविल्यास धावपट्टी अंथरलेल्या गालिच्यासारखी वरखाली होताना दिसेल. धावपट्टी अशी असू शकत नाही हे लहान मूलही ओळखेल, म्हणून तेथे फसगत होत नाही. टेकडीच्या बाबतीत ओळखण्याची ही खूण नसते; टेकडी कशीही असू शकते.

छायाचित्रात उतरलेल्या सावल्यांचेही तसेच आहे. सकाळी घेतलेल्या चित्रात पश्चिमेकडचे उतार काळवंडलेले असतात. पडद्यावरचा सूर्य संध्याकाळचा केला तरी ती सकाळची सावली पोताबरोबर तशीच चिकटून राहते, आणि दरी आहे त्याहून खोल वाटू लागते.

याला उपाय नाही असे नव्हे. मानवरहित विमान उडवून चोहोबाजूंनी, तिरकस कोनांतून शेकडो छायाचित्रे घेतात. त्यांवरूनच सांगाडा बांधतात आणि त्यांचाच पोत चढवितात. अशा वेळी दोहोंची तारीख एकच असते आणि उभ्या कड्याला त्याचा स्वतःचा चेहरा मिळतो. जेथे छायाचित्रच मिळणे शक्य नाही, तेथे वरून, समोरून आणि बाजूने असे तीन पोत घेऊन, उतार जिकडे तोंड करील तिकडचा पोत अधिक मिसळण्याची रीतही प्रचारात आहे. खेळांतील कल्पित डोंगरांना ती फार चांगली शोभते. खऱ्या डोंगराला ती लावू नये असे माझे मत आहे. कारण मग कड्यावर दिसणारा दगड हा कोठल्यातरी दुसऱ्या दगडाचे चित्र असतो.

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत डोंगर-कापणी, खाणी, नव्या वसाहती यांवरून ग्रामसभांतून आणि जनसुनावण्यांतून वाद होतात. तेथे कोणी पडदा लावून डोंगर फिरवून दाखविला, तर सभा साहजिकच स्तब्ध होते. कागदावरच्या समोच्च रेषा वाचावयास थोड्यांनाच येतात, फिरता डोंगर सर्वांस कळतो. दाखविणारा खाणवाला असो वा खाणीचा विरोधक असो, त्याला तीन प्रश्न विचारता येतात आणि तिन्हींची उत्तरे एका ओळीत देता येण्यासारखी आहेत. उंचीचे आकडे कोणत्या साली घेतले? छायाचित्र कोणत्या साली घेतले? आणि आकड्यांच्या जाळीचे एक घर किती मीटरांचे आहे? त्यानंतर चित्र तिरके करून कड्याजवळ न्यावयास सांगावे. उभ्या, निथळलेल्या रेघा दिसू लागल्या तर ती जागा चित्रकर्त्याने पाहिलेली नाही. ती पाहावयाची असल्यास गावकऱ्यांनी बरोबर जाऊन पायथ्याशी उभे राहिले पाहिजे, आणि शक्य तर पावसाळ्यात.